विचारायचं नाही

आमची लॉन्ड्री घराच्या तळमजल्यावर आहे, त्यामुळे आमच्यात कुणाचंच काही लपून राहत नाही. कुणाच्या खिशात काय सापडलं, कुणाच्या कॉलरला कसला डाग, सगळं आईच्या हाताखालून जातं. कपड्यावरून ती माणसाचा आठवडा कसा गेला ते सांगते, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगते. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथे गुपित ठेवायचं असेल तर धुणं माहेरी पाठव." ती बिचारी खरंच घाबरली होती.

वहिनीची पाळी अनियमित. कधी लागोपाठ यायची, कधी महिनोन् महिने पत्ताच नाही. सुरुवातीला पाळी लांबली की सगळं घर हळू बोलायला लागायचं. दादा तिला गठ्ठे उचलू द्यायचा नाही. वहिनी मेडिकलमधून टेस्टची पट्टी आणायची, बाथरूममध्ये जायची आणि बाहेर आली की चेहऱ्यावरूनच कळायचं. मग ती इस्त्रीपाशी उभी राहून रडायची. वाफेने डोळ्यांत पाणी आलंय, असं आम्हाला वाटावं म्हणून. आम्ही जन्मल्यापासून त्या वाफेत वाढलेलो. वाफेने कुणाला रडू येत नाही हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

शेवटी आईने मनावर घेतलं आणि तिला स्वतः डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं, सोनोग्राफी झाली. मोठा दोष काही निघाला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोप पुरी नाही, सकाळी उपाशीपोटी त्या उकाड्यात उभी राहते, आणि डोक्याला सतत घोर. आधी हे नीट करा. शरीराला थोडा वेळ द्या."

आईने एकदा पदर खोचला की कुणाची धडगत नसते. न्याहारी झाल्याशिवाय वहिनीला जिना उतरायला बंदी झाली. दुपारची इस्त्री माझ्या गळ्यात पडली. मी कुरकुर केली तर म्हणाली, "जीभ चालते तेवढे हात चालव." दिवेलागणीला दोघी पुलापर्यंत फिरायला जायच्या. आईचे गुडघे जिन्यावर बोंबलतात, पण पुलापर्यंत जायला ते तयार असायचे. समोरच्या शिंपिणीने कसलासा काढा सुचवला, तर आईने तिलाच झापलं, "डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय माझ्या सुनेच्या पोटात काही जाणार नाही."

आणि उरलेल्या पट्ट्या तिने कचऱ्यात टाकल्या. "हे रडणं आता बास. येईल तेव्हा येईल. या घरात कुणी विचारायचं नाही आणि कुणी तारखा मोजायच्या नाहीत." मग दादाकडे बघून म्हणाली, "तू तर अजिबात नाही." दादा निमूटपणे गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

खरं सांगते, इतका शहाणपणाचा निर्णय आमच्या घरात पूर्वी कधी झाला नव्हता. वहिनी बदलली. गाल भरले, झोप लागायला लागली, माझ्या चालण्याची नक्कल करून आईला हसवायला लागली. पाळी मात्र आली नव्हती, आणि ठरल्याप्रमाणे कुणी विचारलंही नाही. मध्ये एकदा मळमळतंय म्हणाली. आई म्हणाली, "ड्रायक्लीनच्या वासाने होत असेल, तू दाराशी बस." ती दाराशी बसली. तिच्या स्वतःच्याही मनात दुसरं काही आलं नाही. इतकं आम्ही तिला निर्धास्त केलं होतं.

एका सकाळी तिच्या पोटात कळा यायला लागल्या. आईने गरम पाण्याची पिशवी दिली. "इतकी लांबलीय, दुखणारच," म्हणाली. थोड्या वेळाने वहिनीने आतून हाक मारली, "आई, आली."

आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. चादर तिने मशीनमध्ये टाकू दिली नाही. रक्ताला गरम पाणी लागलं की डाग कायमचा बसतो, म्हणून थंड पाण्यात मीठ घालून स्वतः धुवायला बसली. गुणगुणत होती. "लागली की नाही गाडी रुळावर!" असं मला तीनतीनदा म्हणाली. त्या दिवशी तिने दुकान लवकर बंद केलं आणि गोडाचं केलं. दादाने वहिनीच्या ताटात आग्रहाने पुन्हा वाढलं. ती हसली, पण घास तोंडातच घोळत राहिला.

रक्त थांबेना. आठवडा उलटला तशी मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधीची पाळी कधी आली होती?" वहिनी माझ्याकडे बघायला लागली. "आम्ही मोजत नाही," ती म्हणाली, जरा अभिमानानेच.

तपासण्या झाल्यावर बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "दिवस गेले होते तुला. ती पाळी नव्हती." मग हळूहळू समजावत राहिल्या. कामामुळे नाही, चालण्यामुळे नाही, सुरुवातीला असं पुष्कळजणींचं होतं आणि बहुधा थांबवता आलं नसतं. पण पाळी अनियमित असली तरी तारीख लिहून ठेवायची, लांबली की टेस्ट करायची. न मोजल्याने ती नियमित होत नाही. मी मान हलवत होते. वहिनी ऐकत नव्हती. ती नुसती पोटावर हात ठेवून बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

रस्त्यात ती एवढंच म्हणाली, "आईंना नको सांगूस. किती खूश होत्या त्या."

मी कबूल केलं. पण दुकानात पाऊल ठेवताच आईने विचारलं, "काय म्हणाल्या बाई? सगळं ठीक ना?" आणि वहिनी "हो" म्हणाली, ते इतक्या परक्या आवाजात की आई हातातला शर्ट टाकून उठली. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला खोटं बोलता येत नाही, निदान आईसमोर तरी नाही. मी सांगून टाकलं.

आई जिना चढून वर गेली, वाटेत एकदाही गुडघ्यावर हात न ठेवता. आम्ही मागोमाग गेलो. तिने कपाटातून ती चादर काढली, घडी मोडून पलंगावर पसरली आणि तळहात फिरवत इंच न् इंच बघू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उलटी करून पुन्हा. चादर पांढरीशुभ्र होती.

वहिनी जाऊन तिच्याजवळ बसली. "आई, राहू द्या ना."

"काहीच ठेवलं नाही गं मी," आई म्हणाली. "गाणं म्हणत धुतलं."