पोटरीखालचा घेर

तरुणपणी परी म्हणून नाचलेली बाई म्हातारपणी मासळीबाजारात गेली तरी परीसारखीच चालते. ग्लाफिरा येगोरोव्ना तशाच चालायच्या. कोळिणीशी हेरिंगचा भाव करतानाही त्यांची हनुवटी वर असायची आणि मनगट हवेत तरंगायचं, आणि कोळीण त्या मनगटाकडे बघत भाव आणखी वाढवून सांगायची. पीटर्सबर्गच्या मोठ्या थिएटरात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. पहिल्या नंबरची नर्तकी त्या कधीच झाल्या नाहीत, पण दुसऱ्या नंबरच्यांत त्यांचं नाव मानाने घेतलं जायचं. आता त्या त्याच थिएटरच्या शाळेत मुलींना शिकवत आणि कालव्याकाठच्या दोन खोल्यांत लिपाबरोबर राहत.

लिपा म्हणजे ओलिम्पियादा. तिची आई मागच्या रांगेत नाचायची, ग्लाफिराबाईंची मैत्रीण. ती छातीच्या दुखण्यानं गेली तेव्हा पोर अजून गादीवरच झोपेत मुतत होती. ग्लाफिराबाईंनी तिला उचलून घरी आणलं, आपला पलंग दिला आणि स्वतः बाकावर झोपू लागल्या. लोकांनी नावं ठेवली, काहींनी कौतुक केलं. बाईंनी दोन्ही ऐकून सोडून दिलं आणि पोरीला नाच शिकवला.

सगळं बिनसलं ते इटलीची नर्तकी सिन्योरा बेल्तरामी आली त्या हिवाळ्यात. तोवर आमच्याकडे नाचणाऱ्या बाईचा झगा कसा असावा याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. तलम पांढऱ्या जाळीचे थरावर थर, खळ देऊन फुगवलेले, आणि घेर पोटरीच्या खाली. नाचताना पायाचा फक्त घोटा आणि चवडा दिसायचा. बाकी सगळं धुकं. मधल्या काळात रस्त्यावरच्या बायकांचे झगे तारेच्या पिंजऱ्यावर फुगले, मग पुढून सपाट होऊन मागे ढुंगणावर गोळा झाले, तसतशी स्टेजवरच्या झग्यांची कंबरही थोडीफार बदलली, आणि घेर चोरपावलांनी बोटभर वर सरकला. पण पोटरी ती पोटरीच राहिली.

बेल्तरामीला थिएटरच्या शिवणघरानं तसलाच झगा दिला. पुढचं ग्लाफिराबाईंना उस्तिन्यानं सांगितलं. उस्तिन्या सावविश्ना शिवणघरातली जुनी बाई, जिभेला हाड नाही. चहा बशीत ओतून, क्रॅनबेरीचा मुरंबा चमच्याने चाटत तिनं सगळं साग्रसंगीत वर्णन केलं. इटालियन बाई स्टुलावर चढली, आरशात पाहिलं, म्हणाली की मी नाचायला आलेय, झोपायला नाही, आणि कात्री मागितली. कुणी देईना, तेव्हा उस्तिन्याच्याच कमरेची ओढून घेतली आणि थरामागून थर स्वतः कापत गेली, गुडघ्याच्याही वर.

"आणि तू बघत बसलीस," ग्लाफिराबाई म्हणाल्या.

"बघण्यासारखं होतं, बाई. काय पाय आहेत. दोन महिन्यांचं तिकीट विकलं गेलंय म्हणतात. आमच्या शिवणघरात कापलेल्या जाळीचा एवढा ढीग पडला, त्याच्या मी खिडक्यांना मच्छरदाण्या केल्या."

ग्लाफिराबाईंनी चहा तसाच ठेवला. हा नाच नाही, घोड्यांची सर्कस आहे, असं त्या म्हणाल्या. नाच म्हणजे पाय कुठून सुरू झाला हे कळू न देणं. उस्तिन्या हसली. तिला बाईंच्या गुरूची, मदाम दार्सेलची, गोष्ट ठाऊक होती. ती म्हातारी तरुणपणी उंच टाचांच्या जोड्यांत आणि जमिनीवर लोळणाऱ्या जड रेशमात नाचली होती. ग्लाफिराबाई पहिल्यांदा जाळीच्या झग्यात उभ्या राहिल्या, घोटा दिसला, तेव्हा मदाम पहिल्या रांगेतून उठून चालती झाली आणि मरेपर्यंत बोलली नाही. ग्लाफिराबाई त्या वेळी आठवडाभर रडल्या होत्या.

"आता मदामसारखं तोंड केलंय तुम्ही," उस्तिन्या म्हणाली. "अगदी तसंच. फक्त तिला मिशी होती."

बाई हसल्या नाहीत.

मग लिपाच्या नशिबानं दार थोडं किलकिलं झालं. नव्या बॅलेत वनदेवीचा एकटीचा नाच होता आणि नृत्यगुरूंना तो कुणा नव्या मुलीला द्यायचा होता. लिपा आणि शाळेतल्या दुसऱ्या बाईंच्या हाताखालची कपितोलिना अशा दोघींची निवड झाली. दोघींनी थिएटरच्या बड्या साहेबांसमोर, रिकाम्या थिएटरात, पूर्ण पोशाखात एकदा नाचून दाखवायचं. पोशाख जिच्या तिच्या बाईंनी ठरवायचा. जिला नाच मिळेल तिचं नाव पुढच्या हंगामात फलकावर लागेल. जिला नाही मिळणार ती मागच्या रांगेत, पडद्यावर रंगवलेल्या तळ्याकाठी उभी राहील, आणि आमच्या थिएटरात तळ्याकाठी गेलेली मुलगी सहसा परत येत नाही.

नाच बेल्तरामीच्या वाऱ्यानं भारलेला होता. एका पायाच्या टोकावर उड्या घेत स्टेजच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायचं. लिपासाठीच बांधला असावा असा. तिच्या पायात काहीतरी विलक्षण होतं. गुडघा दिव्याच्या वातीसारखा सरळ, आणि टोकावरून उतरताना लाकडावर आवाजसुद्धा नाही. तालमीच्या आखूड कपड्यांत ती भिंतीच्या दांडीला धरून उभी राहिली की दुसऱ्या मुली आपलं थांबवून बघायच्या.

ग्लाफिराबाईही बघायच्या. आरशातून बघायच्या, समोरून नाही. त्यांचे स्वतःचे पाय कधीच असे नव्हते. त्यांचा डावा गुडघा जन्मभर किंचित वाकडा राहिला आणि टोकावर चढताना पोटरी थरथरायची. हे मदामला ठाऊक होतं, उस्तिन्याला ठाऊक होतं, पण प्रेक्षकांत कुणालाही नाही, कारण मध्ये तो घेर होता. त्या घेरानं त्यांना परी केलं होतं. घेर गेला असता तर त्या दुसऱ्या नंबरच्याही राहिल्या नसत्या. पोरीचे पाय बघताना त्यांना आनंद व्हायचा हे खरं, आणि त्या आनंदाच्या खाली पोटात काहीतरी दुखायचं हेही खरं. त्या दुखण्याला त्यांनी कधी नाव दिलं नाही. त्या म्हणाल्या की अभिरुचीचा प्रश्न आहे.

लिपानं एकदाच विचारलं. जेवताना, बकव्हीटच्या लापशीत लोणी घालता घालता, खाली मान घालून. "मावशी, घेर थोडा वर घेतला तर? गुडघ्यापर्यंत नको. पोटरी दिसेल एवढाच."

"कपितोलिना कापणारेय ना? कापू दे. तिच्या हातांत नाच नाही, तिला पायच दाखवावे लागणार."

"पण उड्या..."

"उड्या तुझ्या तू मारायच्या. त्या मोजायला साहेब बसलेले नाहीत. माझ्या हाताखालची मुलगी नटवी म्हणून स्टेजवर जाणार नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "माझा होता तसा शिवून घेऊ. डिट्टो. मला एकदा तुला त्यात बघायचंय गं."

लिपा लापशी खाऊ लागली. झगा तसाच शिवला गेला, जुन्या बेताचा, पोटरीखाली. शिवताना उस्तिन्यानं बाईंना सांगून पाहिलं की डोळे मिटून पोरीला विहिरीत ढकलताय. बाईंनी तिला गप्प केलं आणि आठ दिवस अबोला धरला. पण अबोला धरायला आमच्याकडे कारण लागत नाही, तेव्हा उस्तिन्यानं मनावर घेतलं नाही.

आमच्या थिएटरात नर्तकीची चोळी पाठीवर अंगावरच शिवतात. हुक तुटतात, टाका तुटत नाही. पहिल्या एकटीच्या नाचाला शेवटचे टाके गुरूनं घालायचे ही जुनी रीत. आणि अंगावर शिवत असताना जिच्या अंगावर शिवतात तिनं दातांत एक दोरा धरायचा, तोंडातून अक्षर काढायचं नाही, नाहीतर शिवणारीची सुई अक्कलही शिवून टाकते असं मानतात. हसण्यासारखं आहे, पण इटालियनसुद्धा दुसऱ्या आठवड्यात दोरा धरायला लागली.

त्या दुपारी लिपा दातांत पांढरा दोरा धरून कपड्यांच्या खोलीत उभी होती. ग्लाफिराबाई मागे वाकून टाके घालत होत्या. उस्तिन्या दाराशी आली, हातात मोठी कात्री. ती बाईंशी बोललीच नाही, लिपाकडेच बघत राहिली. अजून वेळ होता. कपितोलिना आत नाचत होती, पियानो ऐकू येत होता. लिपानं नुसती मान हलवली असती तर उस्तिन्यानं खाली बसून सरसर घेर उडवला असता आणि बाईंना काही करता आलं नसतं. ग्लाफिराबाईंची सुई थांबली. त्यांनी पोरीच्या मानेकडे पाहिलं. मान हलली नाही. त्यांनी शेवटचा टाका घातला आणि दातांनी दोरा तोडला.

लिपा नाचली. अंधाऱ्या थिएटरात मधल्या रांगेत साहेब बसले होते, शेजारी नृत्यगुरू, म्हातारा फ्रेंच माणूस, मनानं चांगला. बाजूच्या पडद्याआडून ग्लाफिराबाईंना जे दिसलं ते त्यांना अपेक्षेपेक्षा सुंदर दिसलं. हात, मान, कलती पाठ. त्यांचे डोळे भरून आले. मग त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यापर्यंतच्या उड्या सुरू झाल्या, आणि त्या उड्यांच्या जागी फक्त एक पांढरा गोळा गचके खात पुढे सरकताना दिसला. खाली काय चाललंय ते कुणालाच कळेना. त्या एका पायावर, आवाज न करता, कपितोलिनाला जन्मात जमणार नाही अशा नेमक्या उड्या चालल्या होत्या, आणि वरून ती एखाद्या घाबरलेल्या बाईनं घाईघाईनं रस्ता ओलांडावा तशी दिसत होती. ग्लाफिराबाईंना ते दिसलं. नुसतं दिसलं नाही, समजलं. पण तोवर पियानो थांबला होता.

नृत्यगुरू पुढे येऊन प्रेमानं म्हणाले की हात फार सुरेख आहेत, अगदी जुन्या घराण्याचे, पाय मात्र जरा अस्थिर वाटतात. परत केव्हातरी बघू. आमच्याकडे परत केव्हातरी बघू म्हटलं की बघणं संपलं.

ग्लाफिराबाईंना त्याच क्षणी पुढे होऊन सांगता आलं असतं. झगा माझा आहे, पोरीचे पाय अस्थिर नाहीत, कात्री आणा आणि पुन्हा नाचवा. म्हातारा कदाचित ऐकताही. पण असं सांगायचं म्हणजे या घेराखाली आम्ही काय काय लपवत आलो तेही सांगायचं. त्यांनी झुकून नमस्कार केला आणि लिपाच्या खांद्यावर शाल टाकली.

कपितोलिनाला नाच मिळाला. तिचे पाय सामान्यच होते, पण दिसत होते. लिपा तळ्याकाठी गेली. पुढच्या हंगामात सगळ्यांचेच झगे आखूड झाले, मागच्या रांगेचेसुद्धा, पण मागच्या रांगेत एकीनंही टोकावर उडी मारायची नसते. सगळ्यांनी मिळून एकच हात वर करायचा असतो. ग्लाफिराबाई रोज रात्री वरच्या गॅलरीतून तो हात बघायच्या. त्यांनी नृत्यगुरूंकडे दोनदा चकरा मारल्या, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून परत आल्या. मग म्हातारा आजारी पडला, नवा माणूस आला आणि त्याला नव्या मुली हव्या होत्या. लिपा चिडली नाही, रडली नाही. घरी मात्र तिनं दांडीवर पाय टाकणं सोडून दिलं, आणि हे ग्लाफिराबाईंना रडण्यापेक्षा जास्त लागलं.

काही वर्षांनी तिचं लग्न ठरलं. दूरच्या सारातोव शहरातला, वनखात्यातला एक विधुर, सज्जन माणूस. बॅलेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. ईस्टरनंतर लग्न, लिपानं आधी तिकडे त्याच्या बहिणीकडे जाऊन राहायचं ठरलं. निघायच्या दिवशी दुपारी ऊन स्वच्छ पडलं होतं, कालव्यातला बर्फ कडाकडा फुटत होता. खाली गाडीवान थांबला होता. दोघी रीतीप्रमाणे क्षणभर बसल्या, लिपा पेटीवर, मावशी बाकावर. प्रवासाआधी असं न बोलता बसायचं असतं. पण ग्लाफिराबाईंना राहवेना.

"लिपा, त्या दिवशी तो झगा मी..."

"माहीत आहे मला, मावशी."

"काय माहीत आहे?"

"माझे पाय कुणाला दिसायला नको होते तुला. तू आरशातून बघायचीस ना, मला दिसायचं." दूध संपलंय असं सांगावं इतक्या साध्या आवाजात ती बोलली.

ग्लाफिराबाईंना वाटलं होतं की हे कधीतरी स्वतःच्या तोंडून बाहेर आलं की छातीवरचं ओझं उतरेल. ते दुसऱ्याच्या तोंडून आलं आणि उतरलं नाही.

"मग का नाही गं बोललीस? उस्तिन्या कात्री घेऊन उभी होती. नुसती मान हलवायची होती."

लिपा हातमोज्याचं बटण लावत होती. ते लागेना, म्हणून तिनं सोडून दिलं.

"मला वाटलं, हा एक दिवस मावशीला देऊन टाकावा. तुला किती हवा होता तो. आणि मी अठराची होते. मला वाटलं, माझे दिवस पुष्कळ येतील."

खालून गाडीवानानं हाक मारली. लिपा उठली.