शाडूची बोटे

हर्षदशेठांनी रोह्याजवळच्या फार्महाऊससाठी घोड्याचा ट्रेलर आधी विकत घेतला आणि तो ओढायला गाडी कोणती घ्यावी, हा प्रश्न त्यांना मागाहून सुचला. संपन्न माणसांना प्रश्न याच क्रमाने सुचतात. मग त्यांनी दोन गाड्या चाचणीसाठी मागवल्या आणि निवड महिपतीवर सोपवली. तीस वर्षे घोड्यांची निगा राखून पाठीत वाकलेल्या महिपतीला हा मान नवा होता.

पेणच्या तबेल्यातली घोडी दहा महिन्यांची गाभण होती आणि विण्याआधी तिला रोह्याला न्यायचे होते. मागच्या खेपेला टेम्पोतून नेताना, नागोठणे ओलांडल्यावर, तिने गाभ टाकला होता. तो पेंढ्यात गुंडाळून महिपतीनेच पुरला. ते पुन्हा करावे लागू नये, यापलीकडे त्याची काही मागणी नव्हती.

गाड्यांच्या ताकदीचे आकडे शेठांना मुखोद्गत होते. महिपतीला इतकेच ठाऊक होते, की ओढणे सोपे असते. उतारावर मागचे ओझे अंगावर येते तेव्हा त्याला आवरणे अवघड. म्हणून तो हमरापूरला, वनिताच्या गणपतींच्या कारखान्यात गेला. तिथे मूर्ती पाठवायला टेम्पो ठरवण्याची एक रीत आहे. शाडूच्या वाळलेल्या, न रंगवलेल्या मूर्ती आत ठेवून गाडी खड्ड्यांतून फिरवायची आणि परतल्यावर आशीर्वादाच्या हाताची बोटे मोजायची.

वनिताने तडा गेलेल्या दहा मूर्ती काढून दिल्या. "घोडीपायी गणपती मोडणार व्हय, काका?"

"ह्यांच्यात जीव यायचा हाय अजून," महिपती म्हणाला. "तिच्या पोटात हाय गो."

ट्रेलरमध्ये घोडीच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या रचल्या आणि पाच मूर्ती ठेवल्या. सकाळी उंच, काळी, झळाळती गाडी जोडली. गावाबाहेरच्या उतारावर ट्रेलरने तिला असे ढकलले की ती हिसके देत खाली आली. चार मूर्तींची बोटे गळाली. दुपारी उरलेल्या पाच मूर्ती ठेवून दुसरी गाडी जोडली. ती पांढरी, अनाकर्षक, मालवाहू पिकअप होती. एका मूर्तीची करंगळी गेली, एवढेच.

तुटलेली बोटे कागदात बांधून महिपती संध्याकाळी तबेल्यावर आला. काळ्या गाडीला झेंडूचा हार घातलेला होता. पैसे पहिल्या फेरीच्या आधीच भरले होते, असे शेठांनी मोकळेपणाने सांगितले. विचारले ते त्याचा मान राखावा म्हणून. पिकअप फार्महाऊसच्या फाटकात शोभली नसती, हेही त्यांनी समजावले. मग कागद उघडून त्यांनी बोटांकडे कुतूहलाने पाहिले.

"चिकटवता येतील ना ही?"

महिपतीने कागद परत घेऊन बांधला. रागवायलाही बळ लागते. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने घोडीचा दोर सोडला आणि चालतच नागोठण्याच्या रस्त्याला लागला. वाटेत दोन मुक्काम पडणार होते.

ऊन चढल्यावर काळी गाडी मागून आली. रिकामा ट्रेलर तिच्यामागे उड्या मारत होता. काच खाली करून शेठांनी विचारले, की इतकी सोय असताना हा हट्ट कशासाठी. महिपती घोडीच्या पोटावर तळवा टेकून उभा राहिला. आतून लाथ बसली. त्याने गाडीला वाट दिली आणि, पाय ओढत, पुढे चालू लागला.