मोजमाप नसलेला नकाशा

दादा आठवतो तो आधी ऐकू येतो. अर्ध्या ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढण्याचा तो सावकाश, कोरडा आवाज. पौषातल्या दुपारी कोपरीच्या आमच्या खिडकीतून खाडीवरचा फिकट प्रकाश आत यायचा आणि त्या प्रकाशात लाकडाच्या पातळ, सुवासिक साली त्याच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर गळत राहायच्या. ठाण्यातल्या एका कारखान्यात तो यंत्रांचे नि इमारतींचे नकाशे काढायचा. ऐंशीच्या दशकात ती नोकरी सुटली, टोक काढणं सुटलं नाही. कधीच न उमटणाऱ्या रेषांसाठी तो पेन्सिली सज्ज ठेवायचा.

पंचविशीत त्याला आवाज ऐकू येऊ लागले होते. बोलता बोलता त्याची मान किंचित डावीकडे कलायची, जणू शेजारच्या खोलीतून कुणी हलकेच हाक मारली आहे. चेहऱ्यावर आज्ञाधारक विद्यार्थ्याचं अवधान असायचं. मी विचारलं, तर संकोचून म्हणायचा, "काही नाही गं, चालू आहे त्यांचं."

डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, स्किझोफ्रेनिया. पण नावानं नातेवाइकांचं भागत नाही, त्यांना कारण लागतं, आणि कारण म्हणून आई हाताशी होती. डोंबिवलीची आत्या, वडिलांची थोरली बहीण, प्रत्येक सणाला आपला निवाडा घेऊन यायची. "लाडानं डोकं बिघडवलंस पोराचं, सुमन." आई मान खाली घालून वाढत राहायची, आणि तिच्या वाकलेल्या पाठीवर वर्षं साचत जायची.

नव्वदच्या सुमारास नौपाड्यातल्या डॉक्टरांनी मेंदूचं स्कॅन करून घ्यायला सांगितलं. काळी फिल्म आली. मेंदूच्या आत द्रवानं भरलेल्या पोकळ्या सगळ्यांनाच असतात, ते म्हणाले, याच्या थोड्या मोठ्या दिसतात. या आजारात असं पुष्कळदा आढळतं, पण निरोगी माणसांतही आढळू शकतं, तेव्हा यावरून माणसाबद्दल काही ठरवू नका. आईनं पहिलं तेवढं पदराला बांधलं, दुसरं ती तिथेच टेबलावर ठेवून आली.

घरी दादानं ती फिल्म खिडकीच्या काचेला लावली आणि नकाशा वाचावा तशी बराच वेळ वाचली. "मधल्या खोल्या मोठ्या काढल्यात," तो शांतपणे म्हणाला. "पण मोजमाप कुठेच लिहिलेलं नाही. यावर काही बांधू नका."

आम्ही बांधलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईनं तिळगुळाबरोबर ती फिल्मही बायकांच्या हाती दिली. दादाचं मस्तक या हातातून त्या हातात फिरत होतं आणि तो स्वतः कोपऱ्यात बसून पेन्सिलीला टोक काढत होता. आत्यानं फिल्म उजेडात धरली. "अगं बाई, मधे तर पोकळच आहे की. मग तुझा कसला दोष, सुमन?" कित्येक वर्षांनी आई त्या दिवशी ताठ बसली. तिची निर्दोष सुटका झाली होती. त्याच निकालात दादाची साक्ष कायमची बाद झाली, हे तिथे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर त्याचं प्रत्येक बोलणं त्या पोकळ खोल्यांतून येऊ लागलं. भाजी खारट झालीय म्हणाला, तरी घरातल्या नजरा एकमेकींना भेटायच्या. पंखा घरघरतोय म्हणाला, तर आई त्याच्या कपाळावरून हात फिरवायची. पंखा खरोखरच घरघरत होता.

आणि एका भाद्रपदात, पोटाच्या उजव्या बाजूला खाली बोट ठेवून तो म्हणाला, "आई, इथे दुखतंय. हे खरं आहे."

आपल्या वेदनेला असं प्रमाणपत्र जोडावं लागणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. सणाला आलेली आत्या म्हणाली, डोक्यातलंच दुखणं असणार ते, आणि आईनं त्याला डोक्याचीच गोळी दिली. गौरी आल्या, जेवल्या, पाणवठ्यावर गेल्या, तरी दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. पेन्सिलीचा आवाज थांबला होता, आणि त्या शांततेला घरानं आराम समजलं. रुग्णालयात नेलं तेव्हा अपेंडिक्स फुटून विष पोटभर पसरलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "इतके दिवस हे काही बोलले नाहीत का?" आईनं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

ती फिल्म अजून कपाटात आहे. आईनं पुन्हा कधी ती मागितली नाही, आत्यानंही पाहिली नाही. पौषातली दुपार आली की मी ती खिडकीला लावते. खाडीवरचा तोच फिका प्रकाश तिच्यातून आत येतो, आणि तिची कड जिथे संपते तिथे दादाही संपतो. ज्या जागी त्यानं बोट ठेवलं होतं, ती जागा या नकाशात नाही. भिंती होत्या तिथेच राहतात, माणूस गेला की मधली खोली मात्र वर्षागणिक मोठी होत जाते. आता आम्ही कितीही मान कलवून कान दिला, तरी तिथून कुणी बोलत नाही.