मांडीवरची बॅग

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. गोरेगाव ते सेनगाव हा माझा जन्माचा रस्ता. नवी होते तेव्हा लोकांनी हार घालून माझ्यासोबत फोटो काढले, आता दार लावताना लाथ मारतात. लाथेचं मला काही वाटत नाही. माझ्यात बसणाऱ्यांबद्दल मात्र फारसा आदर उरलेला नाही, आणि त्याला कारण आहे.

माझ्यात एक रीत आहे. जो मागे लोंबकळतो, तो आपलं सामान आत बसलेल्याच्या मांडीवर देतो. मांडीवर आलं की ते बसलेल्याचं. कोणी हात लावला तर "माझं हाय" म्हणायचं आणि उतरताना ज्याचं त्याला द्यायचं. चांगली रीत होती.

साखरा गावचे मसाजी शेळ्या राखून पोट भरणारे. त्या दिवशी ते सेनगावच्या बाजाराला निघाले होते. केसांना तेल चोपडलेल्या एका तरुणाने, "काका, एवढं धरा," म्हणत कुलूप लावलेली बॅग त्यांच्या मांडीवर ठेवली. वाटेत पोलिसांनी मला हात केला. माझा वेग कमी होताच तो दिवटा उडी टाकून तुरीत पसार झाला. साहेबांनी विचारलं, बॅग कुणाची? मसाजींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. रीतीप्रमाणे म्हणाले, "माझीच हाय, साहेब."

कुलूप तोडलं तर आत गांजा. त्यांना अटक झाली आणि मला ठाण्याच्या आवारात उभं केलं. माझ्यात कोंबून बसलेल्या शहाण्यांनी सगळं पाहिलं होतं, पण एकालाही कंठ फुटला नाही. कोणी चप्पल शोधत होता, कोणी मोबाइल. पाणी पाजलेली शेळीसुद्धा माणसाला ओळखते.

मसाजींची बायको नर्मदाबाई रोज येऊन माझ्या सावलीत बसायची. तिथे तिला विजयकुमार नावाचं गिधाड भेटलं. वकील नाही, पोलीस नाही, पण कडक इस्त्रीचा शर्ट आणि तोंडात सदा साहेबांचं नाव. तो म्हणाला, "मसाजीला गुन्हा कबूल करायला सांग, लगेच सुटेल. फक्त दोन बोकड माझ्याकडे पोचते कर." बाई बिचारी कबूलही झाली होती.

तेवढ्यात कोर्टाने नेमून दिलेल्या वकील करुणाताई ठाण्यात आल्या. वकील परवडत नाही असं मसाजींनी सांगितलं होतं, म्हणून त्या सरकारी खर्चाने मिळाल्या होत्या. फुकटचा वकील काय कामाचा, असं विजयकुमार बरळला. ताईंनी त्याला त्याची वकिलीची सनद विचारली. पुढच्या क्षणी तो चहा प्यायला निघून गेला, तो आजतागायत चहाच पितो आहे.

ताईंनी नर्मदाबाईला समजावलं, की नुसती बॅग हातात सापडली म्हणून गुन्हा ठरत नाही. आत काय आहे हे ठाऊक होतं का, तेही पाहतात. "पण या कायद्यात कोर्ट आधी ठाऊक होतं असंच धरून चालतं. नव्हतं, हे आपल्याला दाखवावं लागेल. किल्ली त्यांच्याकडे सापडली नाही, हे चांगलं आहे. बॅग देताना कोणी पाहिलं का?"

माझा ड्रायव्हर रामप्रसाद शेजारीच उभा होता. मी लवकर सुटावी, साक्षीच्या भानगडीत अडकू नये, म्हणून त्याने तोंड शिवून घेतलं होतं. म्हणाला, "मी समोर पाहून राहिलो होतो, ताई. मागचं काय ठावं?"

मला त्याची किळस आली. आरसा माझा होता आणि त्यात त्याचे डोळे मी पाहिले होते.

नर्मदाबाई रडली नाही, ओरडली नाही. "रामप्रसाद," ती म्हणाली, "लेकराला ताप आला तवा तुज्याच जीपमदी नेलं आमी. तुला भाऊ म्हनलं. आज काहून परका झालास?"

त्याने माझ्या बॉनेटवरची धूळ पुसली. मग खाली मान घालून म्हणाला, "त्या पोराची बॅग होती. आरशात पाह्यलं म्या. कोर्टात सांगतो."

मसाजींना जामीन मिळाला. खटला अजून चालू आहे. मीही सुटले आणि गंजलेल्या अंगाने पुन्हा रस्त्याला लागले. तेच शहाणे परत माझ्यात बसतात आणि ज्यांना त्या दिवशी काही दिसलं नव्हतं, ते आता सगळा प्रकार रंगवून सांगतात.

परवा मसाजी माझ्यात बसले होते. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई चढली आणि तिने पिशवी पुढे केली. साऱ्यांनी हात काखेत घातले. मसाजींनी मात्र हात पुढे केले.

"आधी उघडून दाव, माय," ते म्हणाले. "मंग धरतो."

बाकीचे खो खो हसले. बाईने पिशवी उघडली. आत लेकराचे कपडे होते. मसाजींनी ती सेनगावपर्यंत मांडीवर धरली.

मित्रांनो, मला धुतलं नाही, रंग दिला नाही तरी चालेल. दुसऱ्याचं सामान जरूर धरा, पण उघडून पाहून धरा. आणि तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाला नेलं जात असेल, तर चप्पल शोधू नका. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.