ट्रेमधले दोन कप

त्या डिटेक्टिव्ह सिनेमात माझ्या बायकोचं काम चार सेकंदांचं. मोलकरीण चहाचा ट्रे घेऊन येते, ठेवते, जाते. लग्नाआधी हौसेनं केलेलं. पण गंमत अशी, की सगळं रहस्य त्या ट्रेवरच. घरमालक म्हणतो, खुनाच्या वेळी मी एकटाच होतो. आणि ट्रेमध्ये कप दोन. सिनेमा ज्या गोष्टीवरून काढला ती वाचलेल्यांना हे ठाऊक होतं.

मी थिएटरात मशीन चालवायचो. ती वारली तेव्हा नेमका हाच सिनेमा सकाळच्या खेळाला परत लागला होता. शेवटच्या दिवशी मी ब्लेडनं तेवढा तुकडा कापला, उरलेली टोकं जोडली आणि तुकडा डबीत घालून घरी आणला. तुटलेल्या फ्रेम आम्ही ऑपरेटर खिशात टाकायचोच. हा तुकडा मात्र तुटलेला नव्हता.

पुढे ती प्रत ज्यानं पाहिली त्यानं डोकं खाजवलं. डिटेक्टिव्हला दुसऱ्या कपाचं स्वप्न पडलं की काय? चारचौघांत मीही दिग्दर्शकाला नावं ठेवायचो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. घरी आलो की फिल्म खिडकीशी धरायची आणि तिच्याशी बोलायचं. मूल ना बाळ, बोलायला दुसरं होतं कोण?

एकतीस वर्षांनी फिल्म संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला.

"काका, आता ही एकच प्रत उरलीय. तुम्हीच चालवायचात ना? मधली चार सेकंदं कुठे गेली, काही आठवतं?"

"नाही," म्हणालो आणि फोन ठेवला. तुकडा दिला तर घरात मी आणि भिंती.

त्या संध्याकाळी डबी उघडली तर आंबट वास आला. फिल्म सडायला लागली की असा वास येतो, हे मला कुणी सांगायला नको. सकाळी उठून संग्रहालय गाठलं.

बाईंनी तुकडा उजेडात धरला. "ही कोण?"

"माझी बायको."

त्यांनी तुकडा अलगद पाकिटात सरकवला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुरुस्त प्रत दाखवली त्या दिवशी मी कडेला एकटा बसलो. दार उघडलं, ती आत आली. डावा पाय किंचित ओढत. अरे, ती अशी चालायची! खिडकीशी धरलेल्या फिल्ममध्ये ती नुसती उभी असायची. तिची चाल मी साफ विसरून गेलो होतो. मला रडू आवरेना.

मागून कुणीतरी म्हणालं, "अच्छा, कप दोन होते तर."

हॉल रिकामा झाला तरी मी उठलो नाही. बाई जवळ आल्या.

"परत लावता का?" मी विचारलं.

"सगळा सिनेमा?"

"नको. ती आत येते तेवढंच."