प्रयागबाईंची फाइल

इंडेक्स बंद करणारी उन्नतीच होती. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेल्या माणसांच्या आठवणी एका छोट्या ट्रस्टने रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, आणि तो सर्व्हर ती एकटी सांभाळायची. रात्री लावलेला बॅकअप सकाळी ऑफिस उघडलं तरी संपत नसे. म्हणून कोणत्या तारखेच्या बॅकअपमध्ये कोणत्या फाइली आहेत, याची यादी, म्हणजे इंडेक्स, बनवणं तिने थांबवलं. बॅकअप लवकर संपू लागला. कोणाला काही कळलंही नाही.

शनिवारी दुपारी भिवापूरहून शालिकराम आले. ऐंशी ओलांडलेले.

"माही बायको इथं बोलून गेली होती. प्रयागबाई. आता नाही ती. आवाज ऐकाचा होता."

सर्व्हरवर ती फाइल नव्हती. मध्यंतरीच्या साफसफाईत उडाली होती. जुन्या बॅकअपमध्ये असणार, पण कोणत्या तारखेच्या?

"कधी आल्या होत्या, बाबा?"

"मागच्या साली. थंडी होती. स्वेटर घातलं होतं तिनं."

उन्नतीने नोव्हेंबरपासून सुरुवात केली. एका दिवसाचा बॅकअप उघडायचा, फोल्डर दिसेपर्यंत थांबायचं, एकेक फोल्डर बघायचं, बंद करायचं, पुढची तारीख.

"काहून इतका टाइम लागून राहिला, पोरी?"

"माझ्यामुळे. यादी ठेवली असती तर नाव टाकल्याबरोबर सापडली असती."

ते रागावले नाहीत. "बसतो ना. घरी तरी कोण आहे?"

शनिवारी ऑफिसात उन्नतीशिवाय कोणी नसायचं. तिच्या लकडगंजच्या खोलीवरही कोणी नसायचं. तिने दोघांसाठी चहा केला.

डिसेंबरच्या एकोणीस तारखेच्या बॅकअपमध्ये, 'नवीन' नावाच्या फोल्डरात ती सापडली. उन्नतीने तेवढी एकच फाइल परत आणली आणि लावली.

बराच वेळ प्रयागबाई लहानपणचं सांगत होत्या. पांढरं लुगडं नेसलेली आई, चालून चालून सुजलेले पाय. मग रेकॉर्डिंगमध्ये कोणीतरी घरचं विचारलं. त्या हसल्या. "आमचे हे बोलतच नाही. सगळी बडबड माहीच. ऐकतात का नाही, कोणाले माहीत."

"ऐकत होतो वं," शालिकराम स्क्रीनकडे बघून म्हणाले.

उन्नतीने फाइल मोबाइलवर देऊ केली. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"घरी एकट्यानं नाही ऐकवणार. इथंच येत जाईन. चालते ना?"

"या ना, बाबा. शनिवारी मी असतेच."

ते गेल्यावर तिने इंडेक्स सुरू केला. जुन्या तारखांची यादी बनायला दोन दिवस लागतील, असं स्क्रीनवर आलं. दोन्ही कप विसळून ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली.