स्ट्राउडबाईंच्या चित्रातलं दव

व्हेरीना स्ट्राउड यांनी आयुष्यभर जमवलेली अमेरिकन चित्रं ओहायोतल्या आमच्या गावासाठी विश्वस्त निधीत ठेवली, तेव्हा एक अट घातली. विश्वस्तांमध्ये गावातला एक साधा माणूस असावा, आणि कुठल्याही चित्राच्या दुरुस्तीआधी त्याचा होकार घ्यावा. सध्या हा मान डेल्फीन रस्क यांच्याकडे आहे. दर शुक्रवारी शाळेच्या मुलांना चित्रंही त्याच दाखवतात.

मी चित्रांची दुरुस्ती करते. नदीकाठानं चालत निघालेल्या माणसांच्या एका मोठ्या चित्रावरचं व्हार्निश पिवळं पडलं होतं. आमच्या पद्धतीप्रमाणे आधी एक लहानसा कोपरा ओल्या कापसानं पुसून पाहिला. संध्याकाळच्या उन्हासारखी वाटणारी सोनेरी छटा निघून आली आणि खाली गवतावर गोठलेलं पांढरं दव दिसलं.

मी डेल्फीनबाईंना बोलावलं.

“हे काय केलंस गं?”

“एवढंच. पुढचं तुमच्या होकारावर. ही सकाळ आहे, मिसेस रस्क.”

“सकाळ? अगं, ही माणसं काम आटपून घरी निघालीत असं मी अर्ध्या गावाला सांगितलंय. आपला महापौरसुद्धा माझ्याकडूनच शिकलाय!”

“ते इतरही बऱ्याच गोष्टी चुकीच्या शिकलेत.”

त्या हसल्या नाहीत. “दव संध्याकाळीही पडतं.”

“पडतं. पण गोठून सगळं गवत पांढरं व्हायला रात्र जावी लागते.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“या कोपऱ्यावर पिवळसर व्हार्निश लावीन. कुणाला कळणार नाही.”

“मला कळेल ना!”

त्या समोरच्या बाकावर बसल्या. “गिरणी बंद पडली, ह्यांची नोकरी गेली, त्या वर्षी मी रोज इथे यायचे. कुणीतरी काम करून घरी परततंय, एवढंच बघायला.”

मग उठून त्यांनी तो पांढरा कोपरा जवळून निरखून पाहिला.

“स्ट्राउडबाईंनी चित्र गावाला दिलंय, मला नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “कर साफ. पण शुक्रवार होऊ दे. मुलांना मीच सांगते.”

शुक्रवारी एका मुलीनं लगेच विचारलं, “तो कोपरा वेगळा का दिसतोय?”

“तिथे उजाडलंय,” डेल्फीनबाई म्हणाल्या. “बाकीचं सोमवारपासून उजाडेल. इतकी वर्षं मी या माणसांना घरी पाठवत होते, आणि ती बिचारी कामावर निघालेली!”

मुलं खो खो हसली. मग त्याही हसल्या.